‘मायनर’ : एका इंग्रजी विशेषणाचा अर्थ आणि वापर

कचेरीच्या कागदपत्रांत वारंवार भेटणारी काही इंग्रजी विशेषणे अशी असतात की, त्यांचा अर्थ आपणांस ठाऊक आहे असे प्रत्येकास वाटते आणि म्हणूनच तो कोणी तपासून पाहत नाही. ‘मायनर’ हे त्यांपैकी एक होय. शब्दकोशात त्यास लहान, दुय्यम, किरकोळ असे प्रतिशब्द आढळतात. ते चूक नाहीत; पण चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत या एका विशेषणाच्या अर्थावर हजारो कुटुंबांची मजुरी आणि गावांचे उत्पन्न अवलंबून राहिले आहे. तेव्हा ते थोडे खोलात जाऊन समजून घेणे अगत्याचे आहे.

हा शब्द मूळचा लॅटिन. त्या भाषेत तो तुलनादर्शक आहे. त्याचा अर्थ नुसता ‘लहान’ असा नसून ‘अधिक लहान’ असा होतो. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर ही त्याचीच भावंडे. ‘कशापेक्षा लहान?’ हा प्रश्न या विशेषणाच्या पोटातच दडलेला आहे. मात्र आजच्या इंग्रजी वाक्यात ज्याच्याशी तुलना झाली ती वस्तू बहुधा सांगितली जात नाही. ‘मायनर’ लिहिले की समोर कोठे तरी ‘मेजर’ उभा असतो. तो वाचकाने शोधावयाचा असतो.

मराठीने या एका विशेषणासाठी प्रसंगानुरूप निरनिराळे शब्द योजले आहेत. कायद्यात ‘मायनर’ म्हणजे अठरा वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती. जुन्या कायदेशीर मराठीत तिला ‘अज्ञान’ म्हणतात आणि सातबाऱ्यावरील ‘अ.पा.क.’ ही नोंद, म्हणजे अज्ञान पालक कर्ता, त्यातूनच आलेली आहे. येथे बुद्धीचा काही संबंध नाही, केवळ वयाचा आहे. अठरावे वर्ष सरताच व्यक्तीचे हे विशेषण आपोआप गळते. सातबाऱ्यावरील नोंद मात्र तितक्या सहजी गळत नाही. पाटबंधारे खात्यात २,००० हेक्टरांपर्यंत लाभक्षेत्र असलेला प्रकल्प ‘मायनर’ ठरतो आणि त्यास ‘लघु’ म्हणतात. नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी भागांतील जुने मालगुजारी तलाव याच सदरात मोडतात. येथेही माप स्पष्ट आहे, त्यामुळे वादाला जागा नाही.

खनिजांच्या बाबतीत अर्थ थोडा सरकतो. १९५७ च्या खाण व खनिज कायद्यात इमारतीचा दगड, साधी माती, साधी वाळू यांना ‘मायनर’ म्हटले असून मराठीत ‘गौण खनिजे’ असा शब्द रूढ आहे. तीच वाळू विहित औद्योगिक कामासाठी वापरली जाणार असेल तर ती गौण राहत नाही. म्हणजे येथे विशेषण वस्तूच्या आकाराला लागलेले नसून तिच्या उपयोगाला लागलेले आहे.

खरी अडचण ‘मायनर फॉरेस्ट प्रोड्यूस’ या प्रयोगात आहे. मराठीत त्यास ‘गौण वनोपज’ म्हणतात. ‘लघु’ हा शब्द आकार सांगतो. ‘गौण’ हा शब्द दर्जा सांगतो आणि त्याच्यासमोर ‘मुख्य’ उभा असतो. जंगलात मुख्य काय? वनखात्याची स्थापना १८६४ मध्ये झाली, तेव्हा रेल्वेच्या स्लीपरांसाठी आणि इमारतींसाठी लाकूड हवे होते. आलापल्लीच्या सागवानाची कीर्ती त्याच लाकडामुळे. खात्याच्या हिशेबात लाकूड मुख्य ठरले आणि उरलेले सारे गौण झाले. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचणाऱ्या आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडणाऱ्या माडिया-गोंड कुटुंबाच्या हिशेबात हा क्रम नेमका उलटा आहे. सागवान त्यांच्या घरी पैसा आणत नाही. मोह, तेंदू, चारोळी, डिंक आणि बांबू आणतात. विशेषण खरे की खोटे हे पाहण्याआधी ते कोणाच्या वहीतून आले हे पाहावे लागते, ते यासाठी.

बांबूचे उदाहरण तर फारच बोलके आहे. वनस्पतिशास्त्राप्रमाणे बांबू हे गवत. परंतु १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात ‘वृक्ष’ या शब्दाच्या व्याख्येत बांबूचा समावेश होता आणि तोडलेला वृक्ष म्हणजे इमारती लाकूड, अशी त्याच कायद्याची दुसरी व्याख्या. अर्थात तोडलेला बांबू लाकूड झाला, आणि लाकूड गौण असू शकत नाही! १९९६ च्या ‘पेसा’ कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील गौण वनोपजाची मालकी ग्रामसभा व पंचायतींकडे सोपविली खरी, पण ‘गौण’ म्हणजे काय हे त्यात सांगितले नाही. ही उणीव २००६ च्या वनहक्क कायद्याने भरून काढली. त्याच्या व्याख्येत लाकडाखेरीज वनस्पतींपासून मिळणारे सर्व उत्पादन येते आणि बांबू, वेत, तेंदूपाने, लाख, औषधी वनस्पती, कंदमुळे यांची नावे स्पष्ट घातलेली आहेत. मध आणि टसरचे कोषही त्यात आहेत. ते मधमाशीचे व किड्याचे कर्तृत्व असले, तरी कायद्याने ते याच यादीत बसविले आहेत.

तरीही व्याख्या कागदावर आली म्हणून व्यवहार लगेच बदलला नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, पण बांबू बाहेर नेण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना मिळेना. बांबू लाकूड की गौण वनोपज, हाच मुद्दा पुन्हा पुढे आला. मार्च २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्रे लिहून बांबू गौण वनोपज मानावा असे कळविले, आणि २७ एप्रिल २०११ रोजी मेंढा येथे येऊन वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. पुढे चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिंपरी तालुक्यातल्या पाचगावनेही २०१२ मध्ये वनहक्क मिळाल्यावर बांबूच्या विक्रीवर आपला कारभार उभा केला.

सप्टेंबर २०१२ मध्ये वनहक्क नियमांत दुरुस्ती होऊन गौण वनोपजाच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने अधिकार दिलेली व्यक्ती देईल, असे ठरले. १९२७ च्या अधिनियमातील वृक्षाच्या व्याख्येतून ‘बांबू’ हा शब्द नोव्हेंबर २०१७ च्या अध्यादेशाने व त्यानंतरच्या दुरुस्ती कायद्याने निघाला. ग्रामसभेच्या ठरावात नुसते ‘गौण वनोपज’ असे न लिहिता बांबू, तेंदूपाने, मोहफुले अशी नावे मांडून पुढे वनहक्क कायद्यातील व्याख्येचे कलम २(झ) — इंग्रजी प्रतीत २(आय) — नमूद केले, तर परवाना तपासणाऱ्यास विशेषणाचा अर्थ लावीत बसावे लागत नाही.