इंजिनाचे तेल आणि आपला हात
(तृतीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या तेलावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. दोन वर्षांपूर्वी मलाही वाटले असते. आमच्या घरी एक जुनी मारुती ८०० आहे. वडिलांचा फिरतीचा धंदा तिच्यावरच चालतो. ती बंद पडली की घरातली मिळकतही थांबते. एकदा ती सर्व्हिसिंगहून परत आली. बिलात नवे तेल व नवा फिल्टर, दोहोंचे पैसे लावलेले होते. वडिलांनी वाकून पाहिले, तर फिल्टर तोच जुना, गंजाचा डाग असलेला! मी त्या वेळी बिलाची बेरीज तपासत होतो. वडील एवढेच म्हणाले, "तुला बिल वाचता येतं, गाडी वाचता येत नाही." ते वाक्य मनाला लागले आणि हा अभ्यास सुरू झाला.

प्रथम तेलाचे कार्य पाहू. इंजिनातील धातूचे भाग एकमेकांवर अखंड घासत असतात. तेल त्यांच्यामध्ये पातळ थर धरून झीज कमी करते. शिवाय ते उष्णता वाहून नेते, पिस्टनभोवतीची फट भरून काढते आणि काजळी व धातूचे कण स्वतःत सामावून घेते. म्हणूनच तेल काळे पडते. केवळ काळे झाले म्हणजे ते निकामी झाले असे नव्हे. परंतु उष्णतेने त्याचे ऑक्सिडीकरण होत जाते, त्यात मिसळलेली रसायने संपत येतात, आणि मग ते बदलावेच लागते. किती किलोमीटरांनी अथवा किती महिन्यांनी, हे गाडीबरोबरच्या पुस्तिकेत दिलेले असते. दोहोंपैकी जे आधी येईल ते मानावे.

डब्यावरील '२०डब्ल्यू-४०' हा आकडा अनेकांना कोडे वाटतो. 'डब्ल्यू' म्हणजे हिवाळा. पहिला आकडा थंडीतील प्रवाहीपणा दर्शवितो, तर दुसरा तापलेल्या इंजिनातील दाटपणा. पुस्तिकेत सांगितलेलाच दर्जा घ्यावा. अधिक दाट तेल म्हणजे अधिक चांगले, हा समज चुकीचा आहे.

आता प्रत्यक्ष कृती. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा व चाकांना विटांची उटी द्यावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये; ही सूचना जिवाची आहे. इंजिन पाच मिनिटे चालवून बंद करावे, म्हणजे तेल पातळ होते. मात्र चटका बसेल इतके तापवू नये. वरचे झाकण उघडावे, चेंबरखाली पसरट भांडे ठेवावे आणि तळाचा नट योग्य मापाच्या पान्याने सोडवावा. तेल थेंबाथेंबाने येऊ लागेपर्यंत घाई करू नये. नटाला नवा वॉशर घालून तो आधी हाताने बसवावा, मग पान्याने बेताने आवळावा. जोर केल्यास आटे जातात.

फिल्टर काढताना त्याचे रबरी कडे त्याच्याबरोबर निघाले की नाही, हे अवश्य पाहावे. पहिल्या वेळी मी ते पाहिले नाही. जुन्या कड्यावर नवे बसले आणि इंजिन सुरू करताच अंगणात तेलाचे थारोळे झाले. दोष सर्वस्वी माझा होता. नव्या कड्याला बोटाने तेल लावून फिल्टर हातानेच घट्ट करावा. मग पुस्तिकेतील मापापेक्षा थोडे कमी तेल भरावे, इंजिन मिनिटभर चालवावे, तेलाचा लाल दिवा विझतो का व कोठे गळते का ते पाहावे. इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिकवरील दोन खुणांच्या मध्ये पातळी आणावी. जास्त भरलेल्या तेलाला फेस येतो, व तोही घातकच.

गाडी हमीच्या मुदतीत असेल तर हमीपत्राच्या अटी आधी वाचाव्यात. तेलाच्या व फिल्टरच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

काढलेले तेल गटारात वा मातीत ओतू नये. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. डब्यात भरून ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जाईल अशा ठिकाणीच द्यावे.

सर्वच मेस्त्री फसवतात असे मला म्हणायचे नाही. आमच्या गल्लीतल्या मेस्त्रींनीच मला पाना धरायला शिकवले. पण आपल्या वस्तूविषयी आपणच अडाणी राहिलो, तर दुसऱ्याच्या ओंजळीनेच पाणी प्यावे लागते. गेल्या दिवाळीत तेल मी बदलले. वडिलांनी डिपस्टिक पुसून पाहिली, पुन्हा बुडवून पाहिली आणि काही न बोलता गाडी घेऊन कामाला गेले. परीक्षेतल्या कोणत्याही गुणांपेक्षा ते मौन मला मोलाचे वाटले.