साठीनंतरची सायकल

साठीनंतर सायकल बाहेर काढली की घरचे पहिल्यांदा विचारतात, “पडलात तर?” त्यांची काळजी रास्त आहे. या वयात खुब्याचं हाड मोडलं की माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतो. पण खुर्चीत बसून राहणाऱ्याचेही गुडघे आखडतात, साखर वाढते, तोल जायला लागतो. तो धोका कोणी मोजत नाही.

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१० साली हा हिशोब मांडला होता. जवळची ये-जा मोटारीऐवजी सायकलने केली, तर आयुष्य सरासरी ३ ते १४ महिन्यांनी वाढतं आणि अपघातांपायी ५ ते ९ दिवस कमी होतं. मात्र त्या देशात सायकलला वेगळा रस्ता मिळतो. पुण्यात हे आकडे जसेच्या तसे धरू नका. इथे धोका आपला आपणच कमी करायचा.

सायकल मधला दांडा नसलेली घ्या, आपण जिला लेडीज सायकल म्हणतो ती. पुरुषांनी संकोच करू नये. या वयात माणूस पुष्कळदा वेगात नव्हे, चढता-उतरताना पडतो. म्हणून टांग मारायची जुनी सवय आता सोडाच. आधी नीट बसा, मग पॅडल मारा. थांबल्यावर दोन्ही चवडे टेकतील इतपतच सीट उंच ठेवा. त्याहून खाली घेतलीत तर गुडघे बोलू लागतील. भाजीची पिशवी हँडलला अडकवू नका, कॅरिअरला बांधा.

चौकात उजवीकडे वळायचं असेल तर सरळ उतरा आणि सायकल हातात धरून पादचाऱ्यांबरोबर रस्ता ओलांडा. यात कमीपणा काही नाही. उभ्या मोटारींच्या शेजारून जाताना दार उघडेल एवढी जागा सोडा. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं, त्या दिवशी सायकल घरीच राहू द्या.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर गल्लीतसुद्धा हेल्मेटशिवाय जाऊ नका. डोक्याला मार बसला आणि वरून काही दिसलं नाही, तरी लगेच दवाखाना गाठा. आतल्या रक्तस्रावाची लक्षणं कधीकधी काही दिवसांनी दिसतात. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी.

आणखी एक. सायकलीने हृदय आणि मांड्या बळकट होतात, पण शरीराचा भार सीटवर असल्यामुळे हाडांना फारसा लाभ होत नाही. तेव्हा चालणं आणि जिने चढणं सोडू नका.

फ्रान्सचे रॉबर्ट मार्शां २०१७ साली, वयाच्या १०५व्या वर्षी, तासाभरात साडेबावीस किलोमीटर गेले. पण ते बंदिस्त ट्रॅकवर, जिथे ना रिक्षा ना खड्डे. वयाइतकाच रस्ताही पाहावा लागतो. मधूनमधून मोकळ्या मैदानात मान वळवून मागे बघा. सायकल सरळ राहत नसेल, तर रस्ता सोडून तीनचाकी किंवा घरातली व्यायामाची सायकल घ्या.

आणि मुला-सुनांनो, आई-बाबांच्या सायकलीची किल्ली लपवू नका. येत्या रविवारी त्यांच्याबरोबर दुकानात जा, ब्रेक तपासून घ्या आणि उजव्या हँडलला आरसा बसवून द्या.