ओळखीचा शब्द, अनोळखी अर्थ

शब्बाथशाळेच्या धड्याची तयारी करताना आपल्यापैकी काही जण १६११ साली निघालेले किंग जेम्स इंग्रजी शास्त्रही उघडतात. अनोळखी शब्द आला की आपण कोश पाहतो. ओळखीचा वाटला की तसेच पुढे जातो, आणि तेथेच ठेच लागते.

मार्क १०:१४ मधील ‘सफर’ हा इंग्रजी शब्द पाहा. आज त्याचा अर्थ दुःख सोसणे. तोच धरला तर बालकांनी दुःख सोसून प्रभूकडे यावे, असे आपण शिकवून बसू! त्या काळी त्याचा अर्थ ‘येऊ देणे’ असाही होता. रोम. १:१३ मधील ‘लेट’ म्हणजे करू देणे नव्हे, नेमके उलट, अडवणे. १ थेस्स. ४:१५ मधील ‘प्रिव्हेंट’ म्हणजे आधी जाणे. १ करिंथ. १३ मधील ‘चॅरिटी’ला आपल्या मराठी शास्त्रात सरळ ‘प्रीती’ म्हटले आहे. १८८१ च्या सुधारलेल्या इंग्रजी नव्या करारात यांतले शेवटचे तीन शब्द बदलले गेले.

मग आपण काय करावे?

१. मागचापुढचा संबंध वाचावा.
२. तेच वचन मराठीत पाहावे. अर्थ जुळेना, तर ओळखीच्या शब्दावरच आधी संशय घ्यावा.
३. कोशातील जुना अर्थही पाहावा.

एखादा शब्द अडला तर त्यात लाज कसली? न समजलेले समजल्यासारखे लेकरांना सांगू नये, एवढे जपू या.

अभ्यास : लूक १८:१६ दोन्ही भाषांत ताडून पाहा.