डॅशबोर्डवरचा दिवा काय सांगतो? जुनी डिझेल पिकअप चालवणाऱ्यांसाठी एक धडा



होडीचं इंजिन आपण कानाने ओळखतो. आवाजात जरा फरक पडला की तांडेल लगेच फळी उचलून बघतो. पण तीच मासळी धक्क्यावर उतरली, बर्फ घालून पिकअपमध्ये भरली, की आपली सवय बदलते. समोर लाल दिवा लागला तरी आपण म्हणतो, "लागू दे, आधी बाजार गाठूया."

गेल्या हंगामात आपल्याच एका सभासदाची गाडी बेळगावला माल टाकून चोर्ला घाटाने रिकामी परत येत होती. घाट उतरायला लागताच बॅटरीचा लाल दिवा लागला. ड्रायव्हरला वाटलं, बॅटरी तर आहे, इंजिन मस्त चालू आहे, घरी जाऊन बघू. दोन वळणांनंतर ब्रेक दगडासारखा कडक झाला. दोन्ही पायांचा जोर लावूनही गाडी थांबेना. पोरगा हुशार, त्याने गिअर उतरवला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला घासत नेऊन थांबवली. पत्रा गेला, माणूस वाचला.

बॅटरीच्या दिव्याचा आणि ब्रेकचा संबंध काय, हे त्या दिवशी आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत होतं. म्हणून आजचा हा धडा.

आधी चावी फिरवा, आणि थांबा

सेल मारायच्या आधी चावी नुसती ऑन करा आणि डॅशबोर्डकडे बघा. ऑइलचा दिवा, बॅटरीचा दिवा, हँडब्रेक ओढलेला असेल तर ब्रेकचा दिवा, हे सगळे लागायलाच हवेत. इंजिन चालू झालं की ऑइलचा दिवा दोन-तीन सेकंदांत विझायला हवा, आणि बॅटरीचाही. जरा रेस दिल्यावर विझला तरी चालेल.

आता महत्त्वाचं. चावी ऑन केल्यावर एखादा दिवा लागलाच नाही, तर "बरं झालं, काही बिघाड नाही" असं समजू नका. त्याचा अर्थ बल्ब उडालाय, वायर तुटलीय किंवा कुणीतरी ती काढून ठेवलीय. म्हणजे उद्या ऑइल संपलं तरी गाडी तुम्हाला सांगणार नाही. सेकंडहँड गाडी घेताना तर हे पहिलं बघा. विकणारा कधी बल्बच काढून ठेवतो, तर कधी त्याची वायर दुसऱ्या दिव्याला जोडून देतो, म्हणजे दोन्ही एकदम लागतात आणि एकदम विझतात. प्रत्येक दिवा आपापल्या वेळेला विझतो का, ते बघून घ्या.

बॅटरीच्या दिव्याचं आणखी एक. बऱ्याच जुन्या गाड्यांत डायनामोला सुरुवातीचा करंट याच बल्बमधून जातो. बल्ब उडाला तर डायनामो चार्जिंगच सुरू करत नाही. दहा-वीस रुपयांचा बल्ब, आणि आपण नवी बॅटरी घ्यायला पळतो.

रंग ओळखा

लाल म्हणजे सुरक्षित जागा बघून थांबा, आत्ताच. पिवळा म्हणजे गाडी चालेल, पण लवकर दाखवा. हिरवा आणि निळा म्हणजे काहीतरी चालू आहे एवढंच, जसं इंडिकेटर किंवा हेडलाइटचा अप्पर.

घाट चढताना: ऑइल आणि तापमान

साखळी, केरी करत गाडी चोर्ल्याला लागते तेव्हा मागे मासळी आणि बर्फाचा पूर्ण भार असतो. खालच्या गिअरमध्ये गाडी हळू चालते, रेडिएटरला वारा कमी आणि इंजिनाला काम जास्त. चढावर जीव जातो तो इंजिनाचा.

ऑइलचा दिवा, म्हणजे चहाच्या किटलीसारखं चित्र आणि तोटीतून पडणारा थेंब. हा दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलचं प्रेशर गेलंय हे सांगतो. प्रेशर नसेल तर बेअरिंगपर्यंत ऑइल पोचत नाही, आणि भार घेऊन दोन-चार मिनिटं चालवली तरी इंजिन जाम होऊ शकतं. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा. चाकाला दगड लावा. दहा मिनिटांनी, जागा सपाट असेल तर, ऑइलची काठी पुसून परत घालून बघा. ऑइल कमी असेल तर भरा, सेल मारा, दिवा विझला तर पुढे जा आणि गळती कुठे आहे ते शोधा. काठीवर ऑइल बरोबर आहे आणि तरीही दिवा जात नाही, तर सेल मारूच नका. मेस्त्रीला बोलवा किंवा गाडी ओढून न्या. सेन्सर खराब असेलही, पण ते प्रेशरचं घड्याळ लावून मेस्त्रीने ठरवायचं, आपण नाही.

गाडी गरम झाल्यावर, नुसती उभी असताना दिवा लुकलुकतो आणि रेस दिली की विझतो, असं होतं का? ऑइल पातळ झालंय, नाहीतर आत झीज झालीय. चालतंय म्हणून सोडू नका.

तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला किंवा थर्मामीटरचं लाल चित्र लागलं, की थांबा. रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. निदान अर्धा तास जाऊ द्या. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. आणि किनाऱ्याजवळच्या विहिरीचं मचूळ पाणी तर रेडिएटरमध्ये कधीच नको. आतून गंज धरतो. कूलंटच वापरा.

एक फसवणूक ध्यानात ठेवा. सगळं पाणी गळून गेलं तर सेन्सर कोरडा पडतो, आणि काटा वर जायच्या ऐवजी खाली येऊ शकतो. चढावर काटा एकाएकी खाली आला तर खूश होऊ नका, थांबून बघा.

घाट उतरताना: बॅटरी आणि ब्रेक

उतारावर जीव जातो तो माणसाचा. म्हणून हा भाग घरातल्या प्रत्येक ड्रायव्हरला वाचून दाखवा.

पेट्रोल गाडीत ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम इंजिनातूनच मिळतो. डिझेल इंजिनात तसा मिळत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. बऱ्याच जुन्या डिझेल पिकअपमध्ये हा पंप डायनामोच्याच मागे, त्याच शाफ्टवर बसवलेला असतो. आणि डायनामो फिरतो पट्ट्यावर. पट्टा तुटला की डायनामो थांबतो, तेव्हा बॅटरीचा दिवा लागतो. त्याच क्षणी व्हॅक्यूम पंपही थांबतो. बूस्टरमध्ये साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोन वेळा ब्रेक नीट लागतो, मग पॅडल कडक होतं. कित्येक गाड्यांत वॉटर पंपही त्याच पट्ट्यावर असतो, म्हणजे थोड्या वेळाने इंजिनही तापणार.

जुनं डिझेल इंजिन एकदा चालू झालं की चार्जिंग नसतानाही चालत राहतं. म्हणूनच ड्रायव्हर फसतो. आवाज तोच, ओढ तीच, मग दिव्याकडे कशाला बघायचं?

तर बॅटरीचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला, की असं करा:

१. ब्रेक पुन्हा पुन्हा दाबू नका. एकदाच, नेटाने दाबा आणि धरून ठेवा. साठा तेवढाच आहे.
२. गिअर एक-एक करून उतरवा. न्यूट्रल करू नका.
३. गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी बंद करू नका.
४. थांबल्यावर हँडब्रेक, चाकाला दगड, मग इंजिन बंद. बॉनेट उघडून पट्टा बघा.

पट्टा जागेवर असेल तर वायर किंवा डायनामोचा दोष असेल, मेस्त्रीला दाखवा. पट्टा तुटला असेल तर घाट उतरू नका. एक जादा पट्टा आणि तो बदलायचे पाने गाडीत कायम ठेवा, जसं होडीत ठेवता.

तुमच्या गाडीचा पंप कुठे आहे, हे मेस्त्रीला आजच विचारा. आणि बूस्टरची तपासणी तर स्वतः करता येते. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पाय दाबून धरा आणि सेल मारा. पॅडल थोडं खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. हललंच नाही तर घाटाचं नाव काढू नका.

ब्रेकचा लाल दिवा, म्हणजे गोलात उद्गारचिन्ह. हँडब्रेक सोडूनही तो राहिला तर ब्रेक ऑइल कमी आहे. नुसतं वरून भरून मोकळे होऊ नका. एकतर लायनर-पॅड झिजलेत, नाहीतर कुठेतरी गळतंय.

पिवळे दिवे: कॉइल आणि पाणी

वेटोळ्याच्या तारेसारखा पिवळा दिवा ग्लो प्लगचा. ज्या गाडीत तो आहे तिथे दिवा विझल्यावरच सेल मारा.

काही गाड्यांत डिझेल फिल्टरमध्ये पाणी साठल्याचा दिवा असतो. होडीवाल्याला हे वेगळं सांगायला नको. फिल्टरच्या खालचा नळ सैल करा, स्वच्छ डिझेल येईपर्यंत पाणी काढा, नळ घट्ट करा आणि हँड पंप मारून हवा काढा. दिवा नसला तरी फिल्टर बघत जा, पावसाळ्यात तर जास्तच. होडीच्या कॅनमधलं उरलेलं डिझेल गाडीत ओतू नका. सवलतीचं डिझेल होडीसाठीच आहे, आणि त्या कॅनमध्ये पाणी असण्याची शक्यता फार. पाण्याने इंजेक्शन पंप गंजतो, आणि त्याचा खर्च एका खेपेत निघत नाही.

आपल्या गाडीचा खास शत्रू

क्रेटमधून गळणारं बर्फाचं पाणी खारट असतं. ते फळीच्या फटीतून चासीवर, ब्रेकच्या पाइपवर आणि वायरच्या जोडांवर पडतं. अर्थचा जोड गंजला की दिवे मंद लागतात, इंडिकेटर दिला की दुसराच दिवा चमकतो, दोन-तीन दिवे विनाकारण पेटतात. अशा वेळी आधी बॅटरीची आणि इंजिनाची अर्थ वायर काढून, घासून, घट्ट बसवा. पण "आपल्या गाडीचे दिवे असेच लागतात" म्हणत राहू नका. खोट्या दिव्यांची सवय झाली की खरा दिवा दिसत नाही.

प्रत्येक खेपेनंतर गोड्या पाण्याने गाडी खालून धुवा. वर्षातून एकदा ब्रेकचे पाइप हात लावून तपासा. पापुद्रे सुटत असतील तर पाइप बदला.

करायचं काय?

गोव्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होडी वर ओढून आपण तळ खरवडतो, रंग लावतो, इंजिन खोलतो. त्याच दिवसांत एक सकाळ पिकअपला द्या. दिवे, पट्टा, अर्थ, ब्रेकचे पाइप आणि बूस्टर, एवढंच.

आणि हंगामात रोज पहाटे माल भरून झाला की चावी ऑन करून पाच सेकंद थांबा. लागायचे ते लागले का, विझायचे ते विझले का, बघा. मासळी उशिरा पोचली तर भाव दोन पैसे कमी मिळतो. ते नुकसान पुढच्या खेपेला भरून निघतं.

तुमच्या गाडीवर कोणता दिवा कायम लागलेला आहे? खाली लिहा. आपल्यातल्या मेस्त्री मंडळींनी उत्तर द्यावं, ही विनंती. आणि गाडी दुसरा कोणी चालवत असेल, तर हा धडा त्याच्यापर्यंत नक्की पोचवा.