व्यालेल्या गाईचा खुराक आणि कोठीपोटाची मर्यादा

दुभत्या गाईच्या आहाराचा हिशेब लिटरवर मांडला जातो, पण गव्हाणीत पडलेला चारा प्रथम पचवतात ते कोठीपोटातील, म्हणजे चार कप्प्यांच्या जठरातील सर्वांत मोठ्या कप्प्यातील, सूक्ष्मजीव. आणि त्यांचा वेग ओळखून खुराक न वाढवल्यामुळेच चांगल्या दुधाच्या गाई बिघडलेल्या आढळतात. पश्चिम महाराष्ट्रातील होल्स्टीन संकरित गाईंच्या गोठ्यांवर वेतानंतर दूध लवकर चढावे म्हणून मक्याचा भरडा आणि पेंड एकदम वाढवली जाते, चार दिवस दूध चढतेही, आणि मग गाय खाणे टाकते, शेण पातळ व आंबूस होते, संकलन केंद्रावर फॅट घसरते.

याचे कारण असे, की पिष्टमय धान्य कोठीपोटात झपाट्याने आंबून आम्ल तयार होते, आणि ते शमवणारी लाळ, जी मोठी गाय दिवसाला शंभर लिटरहून अधिक स्रवते, ती रवंथावर अवलंबून असते. रवंथ घडते ते कडब्यासारख्या लांब तंतूच्या वैरणीने, भरड्याने नव्हे. सामू एरवी 6 ते 7 च्या दरम्यान असतो, तो 5.5 च्या खाली रेंगाळू लागला की तंतू पचवणारे जीवाणू मागे पडतात, आणि ज्या फॅटवर दुधाचा दर ठरतो ती फॅट मुख्यतः याच तंतूंच्या पचनातून येत असल्याने भरड्यावर केलेला खर्च दरातच बुडतो. खुरांचा दाह तर कित्येक आठवड्यांनी, मूळ कारण विसरले गेल्यावर, लंगडण्याच्या रूपाने दिसतो. म्हणून खुराक दोन ते तीन आठवड्यांत थोडाथोडा वाढवावा आणि दिवसभरात विभागून द्यावा. खाण्याच्या सोड्याने आम्ल काहीसे शमते, पण सोड्याच्या भरवशावर कडबा कमी करणे हा शुद्ध अविचार होय.

चारा, मुरघास, भरडा आणि खनिज मिश्रण एकत्र कालवून देण्याच्या पद्धतीस टीएमआर म्हणतात. तिचा हेतू प्रत्येक घासात सारखा आहार जावा हा असला, तरी कुट्टी फार बारीक झाली तर रवंथ घटते आणि फार लांब राहिली तर गाय भरडा निवडून खाते व काड्या मागे टाकते, त्यामुळे कागदावरचा आहार आणि पोटातला आहार वेगळे पडतात. हा फरक गव्हाणीतील उष्टे चाळल्याशिवाय कळत नाही. विसावलेल्या गाईंपैकी निम्म्याहून अधिक रवंथ करताना दिसत नसतील, तर तंतू कमी पडत असल्याची शंका घ्यावी. ऊसपट्ट्यात स्वस्त म्हणून वाढ्यांवर भर दिला जातो, परंतु त्यांतील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवत असल्याने कॅल्शियमची भरपाई न करता तीच मुख्य वैरण करणे घातक आहे.

मुरघास, म्हणजे हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा, दाणा चिकात असताना कापलेल्या मक्याचा उत्तम होतो; मात्र दाबताना हवा राहिली, किंवा खड्डा उघडल्यावर रोज पुरेसा थर काढला नाही, तर बुरशी धरते. बुरशी लागलेला मका किंवा पेंड तर थेट दुधापर्यंत पोहोचते, कारण त्यातील अफ्लाटॉक्सिनचे रूपांतर होऊन उतरणारा विषारी अंश दूध उकळूनही नष्ट होत नाही. भारतात त्याची मर्यादा किलोमागे 0.5 मायक्रोग्रॅम आहे. असा माल भाकड गाईंना किंवा गाभण कालवडींना घालून संपवण्याची रीत काटकसर म्हणून खपवली जाते, पण त्यातून गर्भपाताचाही धोका संभवतो. त्याची जागा उकिरड्यावरच आहे.