उसातले तण आणि बाटलीतले औषध



पनवेलचा भाग भाताचा, उसाचा नव्हे. तरी तिथली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी 1872 साली तिथे 'श्री धूतपापेश्वर' हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना काढला. आयुर्वेदात मुस्तकारिष्ट, भृंगराजासव, पुनर्नवासव अशी औषधे आहेत. नावे जड वाटतात ना? पण मुस्तक म्हणजे आपला लव्हाळा, भृंगराज म्हणजे पाटाकडेचा माका आणि पुनर्नवा म्हणजे तांबडी घेटुळी. खुरपताना आपण ज्यांच्या नावाने बोटे मोडतो, तीच ही मंडळी!

म्हणून उसात तण राखायचे काय? मुळीच नाही. लागणीनंतरचे पहिले तीन-चार महिने ऊस लहान असतो. तेव्हा खत-पाणी तण खाते आणि तोटा टनेजमध्ये दिसतो. लव्हाळा नुसत्या खुरपणीने जात नाही. त्याच्या गाठी जमिनीत माळेसारख्या जोडलेल्या असतात. माळ तुटली की सुटी गाठ नव्याने फुटते. म्हणून उन्हाळ्यात खोल नांगरट करून गाठी वेचा आणि कडक उन्हात वाळवा.

आता औषधाविषयी. इथे खरा धोका चुकीच्या ओळखीचा. घेटुळी दोन प्रकारची. तांबडीचे मूळ जाड, फुले बारीक गुलाबी, दांड्यावर झुपक्याने येतात. पांढरीची पाने व खोड मांसल, फूल पानाच्या बगलेत एकेकटे. दोन्ही वेगवेगळ्या कुळांतल्या. एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

प्रत्येक तण औषधी नसते हेही ध्यानात ठेवा. 1955 च्या सुमारास पुण्यात आढळलेले गाजर गवत पुढे देशभर पसरले. त्याने कातडीला खाज सुटते, काहींना दम्याचा त्रास होतो. ते फुलावर येण्याआधीच, हात झाकून उपटा.

तीन गोष्टी पाळा:

1. तणनाशक मारलेल्या रानातला पाला औषधाला किंवा भाजीला घेऊ नका.
2. जाणत्या वैद्याला दाखविल्याशिवाय काढा करू नका.
3. अंगावर सूज किंवा कावीळ दिसली तर आधी दवाखाना गाठा. सूज मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या दुखण्याचीही असू शकते. झाडपाल्यात आठवडा गेला तर तो परत येत नाही.

तण जरूर उपटा. पण उपटताना त्याचे नाव नि गुण पोराबाळांना सांगा. आजीला ठाऊक होते ते आपल्यापाशीच संपू नये.