खाऱ्या पाण्यातील मासा आजारी पडतो तेव्हा

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. तेव्हापासून शालेय सहलींच्या कित्येक पिढ्यांनी समुद्रातील रंगीत माशांचे पहिले दर्शन तेथेच घेतले. पुढे काचेच्या टाक्या घरोघरी, शाळांत आणि कार्यालयांच्या प्रतीक्षाकक्षांत आल्या. आरंभी त्यांत गोड्या पाण्यातील गप्पी, गोल्डफिश, एंजल असे मासे असत. आता कृत्रिम समुद्री मीठ आणि गाळणी यंत्रे सहज मिळू लागल्याने क्लाउनफिशसारखे खाऱ्या पाण्यातील मासेही हौसेने पाळले जातात.

परंतु समुद्राचा एक लहानसा तुकडा घरात सांभाळणे ही केवळ हौसेची गोष्ट नाही. टाकीतील मासा मलूल दिसला की दुकानातून एखादी निळी वा हिरवी बाटली आणून तिचे थेंब टाकीत टाकायचे, असा प्रघात पडला आहे. त्यातून आजारी मासा तर जातोच, पण पुष्कळदा धडधाकट मासेही दगावतात. क्लाउनफिशसारख्या काही जातींची पैदास आता बंदिस्त जागेत होऊ लागली असली, तरी शोभेचे बहुसंख्य समुद्री मासे आजही प्रवाळ खडकांवरून पकडूनच आणले जातात. टाकीतील प्रत्येक मृत्यूनंतर आणखी एक मासा समुद्रातून उचलला जातो. म्हणूनच आजारी माशाची शास्त्रशुद्ध शुश्रूषा कशी करावी, हे जाणून घेणे अगत्याचे आहे. या शुश्रूषेचे पहिले सूत्र असे की, आधी पाणी तपासावे, मग रोग ओळखावा आणि औषधाचा विचार त्यानंतर करावा.

लहान टाकी, मोठी जोखीम

साठ सेंटिमीटर लांब, तीस सेंटिमीटर रुंद व छत्तीस सेंटिमीटर उंच टाकीत सुमारे ६५ लिटर पाणी मावते. वाळू आणि दगड वजा जाता प्रत्यक्ष पाणी जेमतेम ५० लिटर उरते. समुद्राच्या पाण्यात दर हजार भागांत सुमारे ३५ भाग क्षार असतात. या टाकीतील पाच लिटर पाण्याची वाफ झाली, तर क्षार मागेच राहतात आणि हे प्रमाण ३५ वरून जवळजवळ ३९ वर जाते. म्हणून वाफ होऊन कमी झालेले पाणी भरून काढताना क्षारविरहित गोडे पाणीच घालावे, खारे पाणी घालू नये. हा साधा नियम न पाळल्याने अनेक टाक्या हळूहळू मिठागरे बनतात.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. माशांच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. वाळूत व गाळणीत वाढणारे उपयुक्त जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर बऱ्याच अंशी निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत ही जीवाणूंची वस्ती बसण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. तत्पूर्वी मासे सोडल्यास ते अमोनियाने होरपळतात. समुद्री पाण्याचा सामू ८.१ ते ८.४ म्हणजे अल्कधर्मी असतो आणि अशा पाण्यात अमोनिया अधिक विषारी ठरतो. गोड्या पाण्याच्या टाकीत जी चूक खपून जाते, ती येथे खपत नाही, याचे हे एक कारण होय.

माशाच्या शरीराची रचनाही ध्यानात घ्यावी. त्याच्या अंगातील द्रव समुद्राच्या पाण्यापेक्षा कमी खारट असतो. त्यामुळे कल्ल्यांवाटे शरीरातील पाणी सतत बाहेर जाते व ती तूट भरून काढण्यासाठी समुद्री मासा सतत पाणी पीत असतो. साहजिकच टाकीत टाकलेले प्रत्येक औषध त्याच्या पोटातही जाते.

पहिल्या तासात काय करावे?

खाणे सोडणे, पर मिटून एका कोपऱ्यात राहणे, दगडावर अंग घासणे, पृष्ठभागाशी येऊन धापा टाकणे, रंग फिका पडणे ही आजाराची सर्वसामान्य लक्षणे होत. सर्व मासे एकाच वेळी धापा टाकू लागले, तर पाण्यातील बिघाडाचा संशय आधी घ्यावा. एकच मासा मलूल असेल, तर त्याच्या अंगाचे बारकाईने निरीक्षण करावे.

प्रथम तापमान, क्षारता, सामू, अमोनिया आणि नायट्राइट यांची तपासणी करावी. तापमान २५ ते २७ अंश सेल्सियस असावे. अमोनिया व नायट्राइट यांचे प्रमाण शून्य असावे. अमोनिया आढळल्यास टाकीतील पाव ते एक तृतीयांश पाणी बदलावे, हवेचा पुरवठा वाढवावा आणि एक दिवस अन्न बंद ठेवावे. बदलण्याचे पाणी त्याच तापमानाचे व त्याच क्षारतेचे असले पाहिजे. त्यासाठी दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम कृत्रिम समुद्री मीठ विरघळवून, रात्रभर हवा देऊन तयार केलेले वीसेक लिटर पाणी घरात नेहमी झाकून ठेवणे हिताचे. स्वयंपाकाचे मीठ येथे चालत नाही, कारण त्यात समुद्रातील मॅग्नेशियम, कॅल्शियम आदी क्षार पुरेशा प्रमाणात नसतात. नळाच्या पाण्यातील क्लोरिन घालविल्याशिवाय ते वापरू नये. शहरालगतच्या किनाऱ्यावरून पाणी भरून आणण्याचा मोहही टाळावा. तेथे सांडपाणी मिसळलेले असते आणि पावसाळ्यात खाड्यांची क्षारता बरीच उतरते.

घरातील इतर कारणेही शोधावीत. खोलीत कीटकनाशकाची फवारणी किंवा रंगकाम झाले असेल, तर हवेचा पंप ते विष खेचून थेट पाण्यात सोडतो. उन्हाळ्यात पाणी तापले की त्यातील प्राणवायू घटतो. वीज खंडित झाली की थोड्याच तासांत मासे गुदमरू लागतात. बॅटरीवर चालणारा एक लहान हवापंप अशा वेळी कोणत्याही औषधापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

ठिपके गेले, रोग राहिला

पाणी निर्दोष असूनही लक्षणे टिकली, तर परजीवींचा विचार करावा. खाऱ्या पाण्यातील सर्वांत परिचित रोग म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. ‘क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स’ नावाच्या एकपेशीय जीवामुळे तो होतो. माशाच्या अंगावर मीठ भुरभुरल्याप्रमाणे पांढरे दाणे दिसतात.

हा रोग मोठा फसवा आहे. परजीवी माशाच्या कातडीखाली तीन ते सात दिवस राहतो, मग गळून तळाशी जातो आणि स्वतःभोवती कवच करून पुटी बनतो. त्या वेळी माशाचे अंग स्वच्छ दिसते व ‘औषध लागू पडले’ असे वाटते. प्रत्यक्षात एकेका पुटीतून पुढे शेकडो पिल्ले बाहेर पडतात व दिवस-दोन दिवसांच्या आत मासा गाठून पुन्हा हल्ला करतात. बहुतेक पुट्या तीन दिवस ते चार आठवडे या काळात फुटतात. ७२ दिवसांनी फुटलेल्या पुट्यांचीही नोंद आहे. म्हणून ठिपके गेले याचा अर्थ रोग गेला असा करू नये. सर्व मासे दुसरीकडे हलवून मूळ टाकी अकरा आठवडे माशांविना चालू ठेवली, तर यजमान न मिळाल्याने परजीवी नष्ट होतो.

मखमल रोग याहून घातक आहे. यात अंगावर पिठासारखी बारीक सोनेरी झाक दिसते, मासा उजेड टाळतो व जलद श्वास घेतो. परजीवी मुख्यतः कल्ल्यांवर हल्ला करीत असल्याने एक-दोन दिवसांतच मृत्यू ओढवू शकतो. क्लाउनफिशच्या अंगावरून बुळबुळीत साल निघू लागली, तर तो ‘ब्रूक्लिनेला’ हा वेगळा परजीवी असण्याचा संभव असतो आणि त्यावर तांब्याचा उपयोग होत नाही. पराच्या कडेला फुलकोबीसारखी गाठ आली, तर तो बहुधा ‘लिम्फोसिस्टिस’ नावाचा विषाणुजन्य विकार असतो. त्यावर औषध नाही, परंतु स्वच्छ पाणी व चांगला आहार मिळाल्यास गाठ बहुधा आपोआप ओसरते. एकच बाटली सर्व रोगांवर चालत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

तांबे : औषध आणि विष

ठिपक्यांच्या व मखमल रोगावर तांब्याचा उपचार परिणामकारक आहे. मात्र तो मूळ टाकीत कधीही करू नये. तांबे कोळंबी, गोगलगायी, समुद्रफुले यांना मारते. शिवाय प्रवाळाचा चुरा व चुनखडीचे दगड ते शोषून घेतात, त्यामुळे मात्रा स्थिर राहत नाही. उपचारासाठी वाळू वा दगड नसलेला वेगळा प्लॅस्टिकचा टब घ्यावा. त्यात हवेचा पंप, तापमापक आणि लपण्यासाठी नळाचा एखादा तुकडा एवढेच असावे.

पाण्यातील मुक्त तांब्याचे प्रमाण लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम ठेवावे लागते. त्याखाली परजीवी मरत नाही, त्यावर मासा मरतो. ही मात्रा किती सूक्ष्म आहे, हे द्राक्षबागायतदारांना चटकन उमजेल. एक टक्का बोर्डो मिश्रणात लिटरला १० ग्रॅम मोरचूद असतो. माशांसाठी लागणारी मात्रा मोरचुदाच्या हिशेबात लिटरला ०.८ मिलिग्रॅमपेक्षाही कमी, म्हणजे बोर्डो मिश्रणाच्या बारा हजारांव्या भागाहूनही अल्प आहे. चाळीस लिटरच्या टबाला अवघा ३१ मिलिग्रॅम! घरातील तराजूवर एवढे वजन होणे अशक्य आणि शेतीचा मोरचूद शुद्ध असेलच असे नाही. म्हणून माशांसाठीच बनविलेले प्रमाणित द्रावण घ्यावे, त्यावरील सूचना पाळाव्यात आणि तपासणी संचाने दिवसातून दोनदा प्रमाण पाहावे. तपासणी संच नसेल, तर तांबे वापरू नये. मखमल रोगात हा उपचार किमान दोन आठवडे आणि ठिपक्यांच्या रोगात तीन ते सहा आठवडे चालू ठेवावा लागतो.

माणसांसाठी आणलेल्या प्रतिजैविकांच्या कॅप्सूल टाकीत फोडण्याची पद्धत तर सर्वस्वी त्याज्य आहे. परजीवींवर त्यांचा उपयोग नाही. टाकीतील उपयुक्त जीवाणू मात्र त्यांनी मरू शकतात आणि औषधांना न जुमानणारे रोगजंतू वाढीस लागतात.

बारा दिवसांची औषधाविना पद्धत

पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर औषधाशिवाय उपाय करता येतो, ही शाळा व सामान्य कुटुंबे यांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची गोष्ट आहे. इस्रायलमधील संशोधक अँजेलो कोलोर्नी यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा तिला आधार आहे. तळाशी गेलेल्या पुटीला फुटण्यास किमान तीन दिवस लागतात. तेवढ्यात मासाच तेथून हलविला, तर पुटी मागे राहते.

यासाठी दोन टब, दोन जाळ्या व दोन हवापंप पुरेसे होतात. पहिल्या दिवशी मासा पहिल्या टबात ठेवावा. चौथ्या दिवशी ७२ तास उलटण्यापूर्वी तो ताजे समुद्री पाणी भरलेल्या दुसऱ्या टबात न्यावा. जुने पाणी बरोबर जाऊ देऊ नये. पहिला टब व त्यातील सर्व साहित्य धुऊन उन्हात पूर्ण वाळवावे. हाच क्रम सातव्या, दहाव्या व तेराव्या दिवशी करावा. दर वेळी पाणी नवे असल्याने अमोनियाही साचत नाही, तरीही त्याची तपासणी करीत राहावे. ही पद्धत केवळ ठिपक्यांच्या रोगापुरतीच आहे. मखमल रोगात तिच्यावर विसंबून राहू नये.

विलगीकरण आणि इतर दक्षता

बहुतेक रोग नव्या माशाबरोबर घरात येतात. म्हणून नवा मासा चार ते सहा आठवडे वेगळ्या टबात ठेवून मगच टाकीत सोडावा. ५० लिटरच्या टाकीत लहान आकाराच्या दोन माशांहून अधिक मासे न ठेवणे श्रेयस्कर. मृत मासा त्वरित काढून पुरावा. आजारी मासा किंवा टाकीचे पाणी खाडीत, विहिरीत वा तळ्यात सोडू नये. असे केल्यास घरातला रोग गावाच्या पाण्यात जाण्याचा धोका असतो.

हाताला जखम असताना टाकीत हात घालू नये. अशा पाण्यातील एका जीवाणूमुळे माणसाच्या त्वचेवर दीर्घकाळ टिकणारे व्रण होऊ शकतात. शाळेत टाकी असल्यास शिक्षकांनी रबरी हातमोजे वापरावेत आणि फॉर्मालिनसारखी विषारी द्रव्ये मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. समुद्री घोडे आणि प्रवाळ यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, हेही ध्यानात असावे. शोभेसाठी किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा आणणे हाही अपराध ठरू शकतो.

रोगाचे निदान होत नसेल, तर अंदाजाने औषधे बदलीत बसण्यापेक्षा जाणकाराचा सल्ला घ्यावा. मत्स्यशास्त्राचे शिक्षण देणाऱ्या वर्सोवा येथील केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आणि रत्नागिरीचे मत्स्य महाविद्यालय या संस्था महाराष्ट्रात आहेत. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयातही चौकशी करता येईल. सल्ला मागताना पाण्याच्या तपासणीचे आकडे, मासा आणल्याची तारीख आणि लक्षणे दिसल्याचा दिवस यांची लेखी नोंद जवळ असावी. त्यासाठी टाकीजवळ एक वही ठेवून तीत रोजचे तापमान व आठवड्याची तपासणी लिहावी. शाळेत हे काम विद्यार्थ्यांकडे पाळीपाळीने सोपविता येईल. नायट्रोजनाचे चक्र, बाष्पीभवन आणि परजीवींचे जीवनचक्र हे पाठ्यपुस्तकातील धडे त्यांना त्या वहीतून प्रत्यक्ष पाहता येतील आणि मुक्या जिवाची जबाबदारी घेणे म्हणजे काय, हेही कळेल.